पालकाचे नाव

सांगली,
रविवार, ४ फेब्रुवारी १९७९

ती. दादांस,

मानसिंगचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत, तुमची सर्वांची खुशाली कळवावी.

गुळाची ढेप आणि तुमचं पत्र दोन्ही पोचलं. ढेप आधी आली आणि पत्र चार दिवसांनी, त्यामुळे मधले चार दिवस 'गूळ कुणाचा कोण जाणे' म्हणून अनसूयेनं मला हात लावू दिला नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे वस्तू देताना निदान पाठवणाऱ्याचं नाव तरी सांगत जा. तो नुसता "कोरेगावच्या मिलिटरीवाल्यानं दिलंय" म्हणाला. कोरेगावात घराआड एक मिलिटरीवाला आहे. आता गूळ आपलाच ठरल्यावर ढेप निम्मी झाली आहे, आणि त्यातली निम्मी मी खाल्ली असं घरातल्या दोन्ही बायकांचं एकमत आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? थंडीत मळ्यात जाऊ देऊ नका. त्या ऐकणार नाहीत हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

शालू मजेत आहे. अभ्यास जोरात चालू आहे. परवा जेवताना तिनं मला मेथीच्या देठाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते समजावून सांगितलं. मी मान डोलावली. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला देठ हा देठच दिसतो, पण तिच्या बोलण्याकडे बघत राहावंसं वाटतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही तिला इथं आणून सोडलीत तेव्हा ही पोरगी माझ्याशी दाराआडून बोलत होती.

पाटणच्या पाहुण्यांनी शालूच्या लग्नाला मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तिथी धरली, अर्जुनाला त्याच्या पलटणीतून रजा तेव्हाच मिळणार, हे सगळं वाचलं. अर्जुनाच्या आईनं 'लग्नानंतर परीक्षाबिरीक्षा काही नाही' असं बजावून सांगितलं, तेही वाचलं आणि शालूला वाचून दाखवलं. बी.एस्सी.चा शेवटचा पेपर दिल्याशिवाय अंगाला हळद लागणार नाही असा शब्द तुम्ही तिला दिलाय, त्यावर ती निश्चिंत आहे.

आता इथली बातमी. मागच्या पत्रात मी आमच्या प्राध्यापक संघटनेबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्यावर तुम्ही 'संप म्हणजे हुकूम मोडणे' एवढं एकच वाक्य लिहून पाठवलंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. रागावायचं असलं तर सगळं वाचून रागवा.

आमच्याकडे वनस्पतिशास्त्राला चारुलताबाई आहेत. शालूच्या तोंडी चोवीस तास ज्या 'बाई' असतात त्या ह्याच. चार वर्षं शिकवतात. दर वर्षी वीस एप्रिलला संस्था त्यांना सेवा संपल्याचं पत्र देते आणि वीस जूनला नवी माणसं घेतल्यासारखी परत घेते. दर जूनला त्यांनी अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि ज्यांच्याबरोबर वर्षभर चहा प्यायल्या त्यांनी त्यांना नाव विचारायचं. असे अकरा जण आहेत. त्यांना कायम करा एवढीच आमची मागणी आहे. तीन पत्रं दिली, एकाचंही उत्तर नाही. तेव्हा एक मार्चपासून संप, असं ठरलंय. होईलच असं नाही. आमचे अध्यक्ष गोपाळकृष्ण सर, संस्कृतचे, म्हणतात की तयारी अशी करायची की संप करावाच लागू नये. तुमच्या फौजेतही असंच काहीतरी असेल.

मी सरचिटणीस, तेव्हा ही तयारी सध्या आमच्या सोप्यात चालू आहे. गोपाळकृष्ण सरांचे नियम दोन: कॉलेजची एक टाचणीसुद्धा वापरायची नाही, आणि कुठल्याही विद्यार्थ्यानं आपल्या कागदाला हात लावायचा नाही. त्यामुळे एका सोसायटीचं मोडकं सायक्लोस्टाईल यंत्र उसनं आणून आमच्या घरी ठेवलंय, आणि शालूची रवानगी स्वयंपाकघरात झाली आहे. ती विद्यार्थिनी असल्यानं तिला स्वतःच्या घराच्या सोप्यात यायची बंदी आहे. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून आमची मजा बघते.

मजा बघण्यासारखीच आहे. फिजिक्सचे लालासाहेब यंत्र फिरवतात. हा माणूस वर्गात यंत्रांवर तासतासभर बोलतो, पण ह्या यंत्रानं पहिल्याच दिवशी त्याचा शर्ट कोपरापर्यंत काळा केला. चारुलताबाईंचं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं मजकूर कोरायचं काम त्यांच्याकडे. चुकलं की त्यावर लाल लुकण लावून वाळेपर्यंत फुंकत बसायचं. मागणीपत्रकात 'अकरा सहकारी' असं लिहायचं होतं, बाईंनी दोनदा 'दहा' लिहिलं. स्वतःला मोजायला त्यांना संकोच वाटत होता. दोन्हीदा लुकण लावलं आणि फुंकलं.

पण खरी गंमत झाली ती पालकांना पाठवायच्या पत्राची. आमच्या कॉलेजातली निम्मी मुलं तासगाव, जत, म्हसवड, पाटण अशी लांबलांबची. संप का आहे हे त्यांच्या घरी आमच्याकडूनच कळलं पाहिजे. तेरा प्राध्यापक तीन आठवडे एका पानावर बसले. शेवटी मीच म्हटलं की आपण हे आधी कुणाला तरी वाचून दाखवू. वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकऱ्या थापणारी हरणाबाई आहे, म्हसवडकडची, तिचा मुलगा फौजेत आहे. तिला बोलावून बसवलं. गोपाळकृष्ण सरांनी चष्मा पुसून सुरुवात केली, "अत्यंत खेदपूर्वक आपणांस कळविण्यात येते की". हरणाबाईनं पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "कोन मेलं?"

आम्ही सांगितलं, कुणी मेलं नाही. ती म्हणाली, "मग असं कशापायी लिवता? कालेजाचा कागद आला म्हंजी घरात पैली रडारडच व्हती. पोस्टमन दारात आला की माझ्या काळजाचं पानी हुतंय. आदी सांगा, लेकरू बरं हाय. मंग तुमचं काय ते सांगा." तेव्हा पत्राची पहिली ओळ मी बदलून लिहिली: 'आपला मुलगा / मुलगी खुशाल आहे.' गोपाळकृष्ण सरांना ती फार साधी वाटली, पण त्यांनी राहू दिली.

पत्रात पुढं परीक्षांबद्दल थोडं आहे. ते सावकाश लिहीन. 

वहिनींना नमस्कार. शालूची काळजी नसावी.

आपला,
मानसिंग

ता. क. गूळ संपत आल्याचं अनसूयेनं लिहायला सांगितलं नव्हतं. मी आपला लिहितो.


सांगली,
बुधवार, १४ फेब्रुवारी १९७९

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार.

इकडे ऊन वाढलंय. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो. आपला ऊस गेला का? कृष्णेचं पाणी अजून बरं आहे. लालासाहेबांचा दुसराही शर्ट काळा झाला. अनसूयेच्या माहेरी

दादा, इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो आणि पाणी पिऊन आलो. अनसूयेच्या माहेरी काहीही झालेलं नाही. मी टाळतो आहे. मागच्या पत्रातही तेच केलं. परीक्षांबद्दल थोडं आहे असं लिहिलं आणि गुळावर आलो.

तर लिहितो. संप झाला तर मार्चमधल्या प्रात्यक्षिक परीक्षा आम्ही घेणार नाही. त्या झाल्याशिवाय बी.एस्सी.चा निकाल लागत नाही. विद्यापीठ त्या मागाहून घेईल, जूनमध्ये म्हणा, जुलैमध्ये म्हणा. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शालू लग्न होऊन पाटणला गेलेली असेल, आणि तिथून तिला परीक्षेला कुणी पाठवणार नाही. चार वर्षं शिकून ती पदवीविना राहील.

हे असंच होणार हे मला माहीत होतं. अट्ठावीस जानेवारीला आमच्या समितीत प्रात्यक्षिकं संपात धरायची की वगळायची यावर मतं घेतली. नऊ जणांत चार एकीकडे, चार दुसरीकडे, राहिलो मी. वर्ग बंद ठेवून संस्थेला काही होत नाही, उलट विजेचं बिल वाचतं. परीक्षा अडल्या तरच ते बोलावतील. मी 'धरायची' म्हणून हात वर केला. हात वर करताना शालू डोळ्यांसमोर होती, खोटं बोलत नाही. तरी केला. त्यानंतर आठ दिवसांनी तुम्हाला ते लांबलचक पत्र लिहिलं आणि शेवटी 'शालूची काळजी नसावी' असं लिहून सही केली. त्या ओळीची मला लाज वाटते.

ह्यापुढचं ऐका, म्हणजे मी आज का लिहितोय ते कळेल.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही सगळे सोप्यात पाकिटांवर पत्ते घालायला बसलो. हेडक्लार्कनं प्रवेशाचे अर्ज दोन दुपारी बघू दिले होते, त्यातल्या 'पालकाचे नाव व पत्ता' ह्या रकान्यावरून याद्या केल्या होत्या. प्रत्येकानं पन्नास पत्ते घ्यायचे. सहाशेच्या वर पाकिटं. कुणी घडी घालतोय, कुणी डिंक लावतोय, आणि गोपाळकृष्ण सर प्रत्येक 'रा. रा.' नीट आलाय का ते बघतायत. मधेच चारुलताबाईंचा हात थांबला. त्यांनी एक पाकीट बाजूला काढलं आणि उठून माझ्यापुढं ठेवलं. त्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: रा. रा. मानसिंग नाथाजी बर्गे, गावभाग, सांगली.

मला आधी कळेना. मग आठवलं. दादा, तुम्हालाही आठवत असेल. पंच्याहत्तरच्या जूनमध्ये तुम्ही शालूचा अर्ज भरत होतात, खिडकीशी, उभ्याउभ्या, टोपी काखेत धरून. वडिलांचं नाव लिहिलंत. खाली 'पालकाचे नाव' आल्यावर थांबलात आणि माझं नाव लिहिलंत. मी म्हटलं, अहो दादा, तुम्ही असताना माझं कशाला? तुम्ही म्हणालात, "बाप मी हाय. पालक तू." आणि मागच्या माणसाला पेन दिलंत. मी तेव्हा हसलो होतो.

म्हणजे आमच्या कागदांप्रमाणे तुम्हाला पत्र जाणारच नव्हतं. सरचिटणीस मानसिंग बर्गे पालक मानसिंग बर्गेला कळवणार, की आपल्या मुलीची परीक्षा आम्ही अडवतो आहोत, तरी सहकार्य करावे. आणि तुम्हाला मेमध्ये, मांडव घालताना कळलं असतं.

चारुलताबाईंनी हळूच विचारलं, "सर, हे टपालात टाकू की हातात देऊ?" मी म्हटलं, टपालात. सगळ्यांचं जातं तसं जाऊ दे.

चहाच्या वेळी बाई मला परसात भेटल्या. म्हणाल्या, "प्रात्यक्षिकं वगळा, सर. मी समितीला लिहून देते. मला आणखी एक जून मुलाखत द्यायला काही वाटत नाही. पण ती मुलगी माझी आहे." दादा, मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. पण ज्या अकरा जणांसाठी हे चाललंय त्यांतल्याच एकीनं माझ्या पुतणीसाठी माघार घ्यायची, आणि मी ती घेऊ द्यायची, हे मला जमलं नाही. उद्या कुणीही म्हटलं असतं की सरचिटणिसाच्या घरातली परीक्षा होती म्हणून संप वाकला. आणि ते खरंच असतं. मी नाही म्हटलं. त्या रडल्या नाहीत, पण चहा तसाच ठेवून आत गेल्या.

काल पोस्टमननं ते पाकीट आणून दिलं. अनसूयेनं घेतलं, शालूच्या हातात दिलं, आणि शालू यंत्राच्या खोक्यावर बसली. आमचे कुणी नव्हते, म्हणून तिला सोप्यात यायला हरकत नव्हती. म्हणाली, "काका, तुमच्या नावचं हाय. वाचून दावू?" पोरं खेड्यात आईबापांना वाचून दाखवतात तसं तिनं ते मोठ्यानं वाचलं. 'आपली मुलगी खुशाल आहे.' मग चारुलताबाईंचं, मग परीक्षांचं. कुठं अडखळली नाही. खाली एक फाडून परत पाठवायची चिठ्ठी आहे: 'वरील भूमिका पालक म्हणून मला मान्य आहे / मान्य नाही', आणि सहीला जागा. तेही वाचलं.

मी म्हटलं, शालू, तुला काय वाटतं ते सांग. ती कागदाची घडी घालत म्हणाली, "बाई दर एप्रिलला घरी जात्यात आन् जूनला परत येत्यात. मी मेमधी गेले की परत येनार न्हाई. एवढाच फरक हाय, काका. पर म्हनून तुमी त्यांचं काम सोडू नका."

एवढं बोलून ती भाजी निवडायला गेली. अशी पोरगी माझ्या घरात वाढली आणि मी तिच्यासाठी तुमच्याकडे एक वाक्य लिहायला धजत नव्हतो.

ते वाक्य लिहितो. दादा, लग्न पुढं ढकला. मार्गशीर्षावर न्या.

मला माहीत आहे मी काय मागतोय. अर्जुनाची रजा ठरलेली आहे. पाहुण्यांना दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय, ते तुमच्यापेक्षा मला कमीच कळतं. स्थळ मोडलं तर गावात लोक मुलीचंच नाव घेतील, माझ्या संपाचं नाही. पण एक सांगतो. माझ्या कॉलेजच्या अर्जावरही 'पालकाचे नाव' होतं. त्यात 'लान्सनायक आकाराम नाथाजी बर्गे, मार्फत ५६ ए.पी.ओ.' असं होतं. पत्त्यात गाव नाही, राज्य नाही. कारकुनानं विचारलं, हा माणूस राहतो कुठं? मी म्हटलं, तिकडं वर. आमची कागदपत्रं तुमच्या सहीसाठी बर्फात जाऊन तीन आठवड्यांनी परत येत. आबा गेल्यावर सगळे म्हणत होते की मानसिंगनं आता नांगर धरावा. तुम्ही तिकडून पोस्टकार्ड टाकलंत, 'त्याला परीक्षेला बसू द्या.' घरात कुणाची पुढं बोलायची छाती झाली नाही. आणि तुमची रजा रद्द झाली तेव्हा वहिनी लग्नासाठी वर्षभर थांबल्या होत्या, हे आईच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय.

ती चिठ्ठी सोबत पाठवतो आहे. तुमच्या मुलीबद्दल आहे, सही तुमचीच हवी. 'मान्य नाही' म्हणून सही केलीत तरी मी ती बाकीच्या चिठ्ठ्यांत नीट लावून ठेवीन.

रागावलात तरी लिहा. न लिहिता राहू नका.

आपला,
मानसिंग


आंबेमळा, ता. कोरेगाव
ता. २३-२-७९

चि. मानसिंग यास आकारामचा आशीर्वाद.

कोन मेल्यालं न्हाई. सगळी खुशाल हाय. त्या हरणाबाईचं बराबर हाय. तुजी दोनी पत्रं वहिनीला वाचून दावली तवा ती हसली आन् मंग फुडचं ऐकून रडली.

पैलं तुला बोलतो. फौजेत वाईट खबर आदी देत्यात आन् मंग च्या पीत्यात. तू गूळ खाऊन धा दिवस लावलंस. फुडं असं करू नगंस. मी तुजा भाऊ हाय, तुज्या संस्थेचा चेरमन न्हाई.

संप मला पटत न्हाई. चोवीस वर्सं नोकरी केली, हुकूम मोडला न्हाई. पर त्या बाईला दर साली उनाळ्यात घरी धाडत्यात ते बी पटत न्हाई. भरती केल्याला जवान दर एप्रिलला घरी धाडला आन् जूनला परत नाव इचारून घेतला, तर त्यो लडाईला कुनासाठी उभा ऱ्हाईल? आमच्या कर्नलसायबाला ह्ये कळलं असतं. तुमच्या लोकास्नी कसं कळंना.

सोमवारी मी आन् वहिनी पाटणला जाऊन आलो. गुडघा घेऊन आली, ऱ्हा म्हनलं तर ऱ्हाईना. पावन्यास्नी सगळं सांगितलं, काय बी झाकलं न्हाई. तुज्या संपाचं बी सांगितलं. अर्जुनाच्या आईनं च्या दिला, पर जेवायचं इचारलं न्हाई. मंग वहिनी म्हनाली, "आवं, माझ्या मालकाची रजा रद झाली तवा म्या वरीसभर थांबल्ये. हळद दळून ठेवल्याली, ती पुन्यांदा दळली. काय बिघडलं? फौजेतल्या मानसाच्या बायकूला थांबायचंच असतंय, लगनाच्या आदी बी आन् मागनं बी. तुमच्या सुनंला आदीच सवं लागंल." त्यावर अर्जुनाचा बाप हसला. ती न्हाई हसली. पोराला पत्र लिवतो म्हनालं. मार्गशीर्षात त्याला रजा भेटंल का न्हाई त्ये त्याच्या सायबाच्या हातात. हो म्हनाली न्हाईत आन् न्हाई बी म्हनाली न्हाईत. आमी उपाशीच एश्टीत बसलो आन् उंब्रजला भजी खाल्ली.

स्थळ ऱ्हायलं तर ऱ्हायलं, गेलं तर दुसरं बगू. पोरीला शबूद म्या दिलाय. तिचा शेवटचा कागद झाल्याबिगर हळद लागनार न्हाई. त्यो जूनात होऊ दे न्हाईतर दिवाळीत. तिला सांग, बाप हाय अजून. काळजी करू नगंस, अब्यास कर.

चिठ्ठी परत धाडतो. सही केल्याली न्हाई. ती माज्या नावची न्हाई.

त्या टायमाला फारमावर तुजं नाव लिवलं, ते तू सांगलीत घर करून होतास म्हून न्हाई. आबा गेलं तवा मी तुजा पालक झालो, मला कुनी इचारलं नव्हतं. शिकशील का न्हाई, नीट वागशील का न्हाई, लय भ्या वाटायचं. वर पोस्टावर रातदिस त्येच डोक्यात. तुला सांगितलं न्हाई कवा. ह्या पोरीच्या टायमाला वाटलं, हेनं बी एकदा बगावं. हात वर करताना ती डोळ्याम्होरं आली म्हनतोस, बास झालं. मला बी तू असाच दिसायचास.

सही तू कर.

गूळ धाडलाय. ड्रायव्हरला नाव सांगितलंय.

आकाराम


सांगली,
बुधवार, २८ फेब्रुवारी १९७९

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र शालूला वाचायला दिलं. ती ते घेऊन माडीवर गेली आणि तासाभरानं डोळे धुऊन खाली आली. अनसूयेला म्हणाली, "आईनं पाटणला एवढं बोलून दावलं? घरात तर ती दादांम्होरं बोलत बी न्हाई." मग दोघी कितीतरी वेळ वहिनींबद्दल बोलत होत्या. मी ऐकत होतो. वहिनींना सांगा, त्यांच्या हळदीची गोष्ट आता गावभागात सगळ्यांना पाठ झाली आहे.

उद्या एक तारीख. संस्थेनं आज निरोप पाठवलाय की सकाळी अकराला बोलायला या. त्याच वेळी आम्ही फाटकापाशी उभे राहायचंय. गोपाळकृष्ण सर म्हणतात, चौघं आत, बाकीचे फाटकाशी. मी आत जाणाऱ्यांत आहे. ते काय देतील, देतील की नाही, मला आज सांगता येत नाही. फलक भिंतीला टेकवून ठेवलेत आणि आमच्या सोप्याला सगळीकडून शाईचा वास येतोय. संप झाला तर लांबेल असं वाटतं. तुम्हाला तो पटत नाही हे मी धरून चाललो आहे, आणि तरी तुम्ही पाटणला उपाशी राहिलात हेही.

चारुलताबाईंना तुमच्या पत्रातलं जवानाचं वाचून दाखवलं. रविवारी सकाळी त्या पिशवीत धोत्र्याची फुलं आणि जास्वंद घेऊन आल्या, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि शालूकडून छेद घेऊन बघितले. म्हणाल्या, परीक्षा केव्हाही होवो, हात तयार राहिला पाहिजे, मी दर रविवारी येईन. गोपाळकृष्ण सरांनी विचारलं, हे नियमात बसतं का? त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात आहे, सर. तुमचा नियम सोप्याचा आहे." सर चष्मा पुसत बाहेर गेले. जास्वंदीची एक पाकळी वरणात पडली होती, ती लालासाहेबांनी खाल्ली.

चिठ्ठीवर सही केली. आधी मी ती शालूपुढं ठेवली. तिनं माझं पेन घेतलं, 'मान्य नाही' हे शब्द पट्टी लावून सरळ रेघेनं खोडले, तिच्या वहीतल्या आकृत्यांसारखे नीटनेटके. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मी सहीच्या जागी नाव लिहिलं. दादा, आजवर पगाराच्या, परीक्षेच्या, संघटनेच्या कागदांवर किती सह्या केल्या असतील, पण एवढा वेळ एकाही सहीला लागला नव्हता. तुम्ही तिकडं वर बसून माझ्या कागदांवर सही करत होतात तेव्हा काय होत असेल, ते मला सदतिसाव्या वर्षी कळलं. तुम्हाला भीती वाटत होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दादांना कशाचीच वाटत नाही.

सरचिटणीस म्हणून चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडेच असतो. ती सगळ्यांत खाली ठेवली आहे.

पाटणहून काय येतं ते कळवा. वाईट असलं तर आधी तेच लिहा, चहा मी नंतर पिईन. उद्याचं जे होईल ते मी उद्याच लिहीन, लपवून ठेवणार नाही. वहिनींच्या पायांवर डोकं ठेवतो.

गूळ पोचला. ह्या वेळी ड्रायव्हरनं नाव सांगितलं, पण माझं.

हरणाबाईनं सांगितलेली ओळ सहाशे घरांना धाडली आणि तुमच्या घरी मी ती लिहिलीच नाही. आज लिहितो. ती माडीवर खिडकीत वही घेऊन बसली आहे, इथून तिची वेणी दिसते. दादा, आपली मुलगी खुशाल आहे.

तुमचा धाकटा,
मानसिंग
शालूचा पालक